सिस्टरचं सदतिसावं

आमच्या जानेफळात ब्लड प्रेशर मोजून घ्यायचं असेल तर आधी बायबलमधलं सदतिसावं स्तोत्र ऐकावं लागतं. अख्खं. मधून उठता येत नाही, बोलता येत नाही, आणि कुणाचा मोबाइल वाजला तर पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरुवात होते.

हा कायदा साळवे सिस्टरांचा. सुवार्ता साळवे, दवाखान्यातून निवृत्त झालेल्या नर्स, वय सत्तरीच्या आसपास, आणि माझ्या नशिबाने माझ्या भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या. गावात ख्रिस्ती घरं मोजून तीन, पण सकाळी साडेसहाला सिस्टरच्या ओट्यावर दहा-बारा माणसं हमखास बसलेली असतात. त्यांतली निम्मी सिस्टरच्याच हातावर जन्मलेली. त्यामुळे सिस्टर कुणालाही अहो-जाहो करत नाहीत. अपवाद फक्त माझा. मी इथल्या हायस्कुलात भूगोल शिकवतो आणि माझा जन्म सुलतानपूरचा, म्हणून मी बचावलो.

स्तोत्राचं गणित मात्र अगदी शास्त्रशुद्ध आहे. प्रेशर पाहण्याआधी माणसाने पाच मिनिटं शांत बसायला हवं, हे डॉक्टरही सांगतात. पण जानेफळचा माणूस पाच मिनिटं गप्प बसवायचा कसा? त्यावर सिस्टरने तोड काढली. सदतिसावं स्तोत्र सावकाश म्हटलं की बरोबर पाच मिनिटं होतात. शिवाय त्यात दुष्टांची भरभराट पाहून जळफळू नकोस, राग सोड, ते गवतासारखे वाळून जातील, असलाच मजकूर आहे. म्हणजे औषध आणि पथ्य एकाच पुडीत. कुणी बायकोशी भांडून तणतणत आला तर त्याला एकशे एकोणिसावं. त्यात पावणेदोनशेच्या वर वचनं आहेत. ते संपेपर्यंत माणसाचा राग तर जातोच, पण आपण कशासाठी आलो होतो हेही तो विसरतो. गावात आता ती बोलायची पद्धतच झाली आहे. कुणाचं तोंड उतरलेलं दिसलं की लोक विचारतात, "काऊन बे, एकशे एकोणीस झालं का आज?"

मला मुळात पहाटे उठणाऱ्या माणसांचा राग आहे. पण तीन वर्षांपूर्वी माझी साखर वाढल्याचं निघालं आणि माझ्या बायकोने ही खबर भिंतीपलीकडे पोचवली. दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत भिंतीवर थापा पडल्या.

"सर, उठा. एलीयाले देवदूतानं दोनदा उठोलं होतं. मी एकदाच उठोते."

तेव्हापासून मी रोज सिस्टरबरोबर बसस्टँडपर्यंत दोन फेऱ्या मारतो. मग एक तांब्या कोमट पाणी, मग ओटा. सिस्टरची एक काळी चामड्याची पिशवी आहे. तिच्यात एका कप्प्यात प्रेशरचं मशीन आणि दुसऱ्यात बायबल. या दोन कप्प्यांच्या मधली शिवण कधीच उसवली असावी, कारण सिस्टरच्या बोलण्यातही ती कुठे दिसत नाही. "सकायी उपाशीपोटी एक अध्याय, रात्री जेवल्यावर शंभर पावलं" असं त्या एका दमात सांगतात.

मला त्यांनी गेल्या हिवाळ्यात दानिएलाचे दहा दिवस करायला लावले. राजाचं मिष्टान्न नाकारून दानिएल आणि त्याचे मित्र दहा दिवस नुसता भाजीपाला खाऊन आणि पाणी पिऊन राहिले आणि सगळ्यांपेक्षा टवटवीत दिसले, ही कथा मला तोपर्यंत माहीत नव्हती. माहीत झाल्यावर मला त्या दानिएलाचा फार राग आला. तीन दिवस आंबाडीची भाजी आणि ज्वारीची भाकर खाल्ली. चौथ्या दिवशी शाळेतून येताना अजाबरावच्या हॉटेलात दोन कचोऱ्या हाणल्या, तोंड धुतलं, वर बडीशेप खाल्ली. घराच्या फाटकाशी सिस्टर उभ्या. त्यांनी नुसता श्वास आत ओढला.

"कचोरी. अजाबरावची. अन तेल कालचं होतं."

या अजाबरावचं प्रेशर गावात सगळ्यात जास्त. तोही ओट्यावर रोज हजर. मिठावरून त्याची आणि सिस्टरची कायम जुंपलेली. एकदा त्याने मोठा अभ्यास करून डाव टाकला.

"सिस्टर, तुमच्या प्रभूनंच लोकायले सांगतलं ना, तुमी जगाचं मीठ आहा म्हनून? मंग मले काऊन बंद करता मीठ?"

"तुले मीठ व्हायले सांगतलं बे," सिस्टर म्हणाल्या, "खायले नाई."

प्रेशर पाहून झालं की ओट्यावर आणखी एक विधी असतो. मशीनवर जो आकडा येईल तो ज्याचा त्याने सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायचा. "आपला आकडा आपल्या तोंडानं कबूल कराचा. त्याच्याबिगर सुधारना नाई." हा नियम गेल्या दिवाळीपासूनचा. त्याआधी सिस्टर स्वतःच आकडा सांगत. मला वाटलं, बाईंना वयाबरोबर शिस्तीची हौस वाढली. ज्यांना वाचता येत नाही त्यांचा आकडा शेजारचा वाचतो. गंगामावशी म्हणून आमच्या गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या म्हाताऱ्या आहेत. त्यांचा आकडा मी वाचतो. त्यांचं प्रेशर कायम नॉर्मल निघतं, तरी त्या रोज येतात आणि पट्टा सुटल्यावर म्हणतात, "अजून एकदा पाह्य ना वं बाई." त्यावर सिस्टरचं उत्तर ठरलेलं आहे. "नॉर्मल आहे. उठ. मांगं गर्दी आहे."

तर असं सगळं सुरळीत चाललं होतं. त्यात याच उन्हाळ्यात एके दिवशी मी सिस्टरच्या खुर्चीमागे माझ्या नंबराची वाट पाहत उभा होतो. समोर अजाबराव दंडाला पट्टा बांधून बसला होता. सिस्टरच्या मांडीवर बायबल उघडं, एक बोट ओळीवर, आणि स्तोत्र खणखणीत चाललेलं. मी सहज वाकून पाहिलं. बायबलच्या शेवटी नकाशे असतात हे मला त्या दिवशी कळलं. भूगोलाच्या मास्तरला नकाशा ओळखायला वेळ लागत नाही. अजाबराव तिकडे राग सोडण्याचा उपदेश ऐकत होता आणि इकडे सिस्टरचं बोट भूमध्य समुद्रातून सरळ पश्चिमेला चाललं होतं.

मला आधी हसू आलं. मग एकेक गोष्ट आठवायला लागली आणि हसू गेलं. कचोरी नाकाने ओळखणं. माणूस बोलल्याशिवाय त्याचं नाव न घेणं. आणि तो कबुलीचा नियम.

लोक गेल्यावर मी मागे थांबलो. म्हटलं, "सिस्टर, स्तोत्र छान झालं. पण बोट समुद्रात होतं."

सिस्टर बराच वेळ पिशवीची बक्कल लावत बसल्या. ती लागेना.

"मोतीबिंदू आहे," त्या म्हणाल्या. "दोन्ही डोयाले. पिकत आला. मले समजत नाई काय? जिंदगी दवाखान्यात गेली माही."

"मग ऑपरेशन का नाही केलं? साधी गोष्ट आहे."

"ऑपरेशन साधं आहे. करुणा साधी नाई." करुणा म्हणजे त्यांची एकुलती मुलगी, नाशिकला असते. "हे गेल्यापासून मांगं लागली हाय, चाल म्हन्ते, इथं एकटी नको राहू. डोयाचं समजलं तं मले उचलून नेते अन मंग येऊ देत नाई. पोरीचंही चुकत नाई, सर. पन तिथं चौथ्या माळ्यावर मी कोनाचं प्रेशर पाहू?"

मला खरोखर संताप आला. गावभर डोळे तपासा, पाय तपासा म्हणून ओरडणारी ही बाई! मी म्हटलं, मी आजच करुणाताईंना फोन करतो. त्यावर त्यांनी माझा हात धरला.

"कोनाले सांगनार नाई म्हना."

"शपथ घेऊ का?"

"शपथ घ्याची मनाई आहे शास्त्रात. नुस्तं हाव म्हना."

हाव म्हणजे हो. आणि मी मूर्खासारखा हाव म्हणालो.

पुढचे दोन दिवस माझं जेवणात लक्ष नव्हतं. बायकोला वाटलं, दानिएल पुन्हा सुरू झाला. तिसऱ्या दिवशी सकाळी, सगळे जमलेले असताना, सिस्टर ओट्याची खालची पायरी चुकल्या. हाड मोडलं नाही, कोपर तेवढं खरचटलं. गंगामावशींनी धावत जाऊन हळद आणली. "पाय घसरला," सिस्टर म्हणत राहिल्या. पायरी कोरडी ठणठणीत होती.

मी त्यांना उचलून रोग्याच्या खुर्चीवर बसवलं. पिशवीतून मशीन काढलं.

"पडला माणूस की प्रेशर पाहावं लागतं. हात इकडे करा."

"माहं नॉर्मल असते."

"शेवटचं कधी पाहिलंत?"

त्या हलक्या आवाजात म्हणाल्या, "हे होते तवा."

याकूब साळवे, सिस्टरचे यजमान, दवाखान्याच्या जीपवर ड्रायव्हर होते. त्यांना जाऊन सहा वर्षं झाली. सिस्टर दिवसभर गावाचं प्रेशर पाहायच्या आणि संध्याकाळी याकूबभाऊ त्यांचं पाहायचे. आधी पट्टा बांधायचे, मग सदतिसावं म्हणायचे, मगच बटण दाबायचे. पाच मिनिटांची ती युक्ती मुळात त्यांचीच होती. ज्या बाईंनी सहा वर्षं अख्ख्या गावाच्या दंडाला पट्टा बांधला, त्यांच्या दंडाला हात लावायचं आमच्यापैकी एकालाही सुचलं नव्हतं. मला स्वतःची लाज वाटली.

मी पट्टा बांधला. आता पाच मिनिटं शांत बसवायचं म्हणजे स्तोत्र आलं. पुस्तक पिशवीत होतं, पण मला ते उघडायची गरज पडली नाही. तीन वर्षं रोज ऐकून निम्मं माझ्या तोंडात बसलं होतं. मी सुरुवात केली. पाचव्या-सहाव्या वचनाशी अडलो, तर गंगामावशींनी पुढचं उचललं. त्या कधी शाळेत गेल्या नाहीत, पण एक शब्द चुकला नाही. राग सोडण्याच्या वचनाशी सगळे आपोआप अजाबरावकडे पाहायला लागले. ते वचन त्याच्यावरच रोज झाडलं जायचं, त्यामुळे तेवढं त्याला चोख पाठ होतं. मध्ये कुणाचं मागेपुढे झालं, एक वचन दोनदा आलं. सिस्टरने एकदाही दुरुस्त केलं नाही. त्या डोळे मिटून बसल्या होत्या.

मी बटण दाबलं. मशीन घरघरलं, थांबलं. मी ते त्यांच्या समोर धरलं.

"वाचा. मोठ्याने. आपला आकडा आपल्या तोंडाने."

सिस्टरने मशीन हातात घेतलं. आधी लांब धरलं, मग नाकाजवळ नेलं. सगळा ओटा वाट पाहत होता. मग त्यांनी ते माझ्या हातात परत दिलं.

"नाई दिसत," त्या म्हणाल्या. "दिवाईपासून नाई दिसत."

गंगामावशींनी पदर तोंडाला लावला. अजाबरावचा चेहरा मात्र हळूहळू पडत गेला.

"म्हंजे सिस्टर... म्या दोन-चारदा वीस-पंचवीस कमी सांगतलं, ते..."

"मले माहीत आहे," सिस्टर म्हणाल्या. "खोटं बोलताना तुहा आवाज बारीक होते. म्हनून तं तुले दोन फेऱ्या जास्तीच्या मारायले लावत होती."

त्यावर सगळे असे हसले की गल्लीतली कुत्री भुंकायला लागली. त्या हशातच सिस्टरने माझ्याकडे फोन मागितला आणि करुणाला स्वतः सांगितलं. मी माझा हाव पाळला होता, हे इथे नमूद करतो.

करुणाताई दोन दिवसांनी आल्या तेव्हा ओट्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग गंगामावशींना विचारलं, "हिला रात्रीबेरात्री काही झालं तर?"

"मी झोपत जाईन इथंच," गंगामावशी म्हणाल्या. "मलेबी घरी कोन आहे?"

तेव्हा कुठे गंगामावशी रोज अजून एकदा, अजून एकदा का करतात, ते मला उमगलं.

सिस्टरला ऑपरेशनपुरतंच नाशिकला न्यायचं, हे करुणाताईंनी मान्य केलं. दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं होईपर्यंत दोन महिने लागले. तेवढे दिवस ओटा आम्ही चालवला. चुकतमाकत, पण रोज. परत आल्या त्या सकाळी सिस्टरने काळा चष्मा काढून एकेकाकडे नीट पाहिलं. माझ्यावर नजर बराच वेळ थांबली.

"सर, हे पोट! अन मी समजत होती तुमी दानिएल झाले."

मग त्या कुणी न सांगता रोग्याच्या खुर्चीवर बसल्या आणि हात पुढे केला. आता हाच क्रम झाला आहे. रोज पहिला पट्टा सिस्टरला. त्या दिवशी मी पट्टा बांधला, सदतिसावं म्हटलं, बटण दाबलं. सिस्टरने आकडा स्वतः वाचला, खणखणीत आवाजात. एकशे अठ्ठावीस, ऐंशी.

मी ही संधी कशी सोडणार? म्हटलं, "नॉर्मल आहे. उठा. मागे गर्दी आहे."

सिस्टर उठल्या नाहीत. त्यांनी पट्टा दंडावर सारखा केला आणि रस्त्याकडे पाहत म्हणाल्या, "अजून एकदा घ्या, सर. मशीनचा भरोसा नाई."

गंगामावशींनी मला कोपराने ढोसलं. मी पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरुवात केली.