सोपानआबांचा शेंदऱ्या

आमच्या पेडगावात सोपानआबांकडे पाहुणा आला, की पाण्याच्या आधी त्याला प्रश्न मिळे, "तुमच्याकडं गाय कोन्त्या रंगाची हाय?" लाल म्हटलं की ताटभर जेवण, पांढरी म्हटलं की नुसतं पाणी. अंमल निजामाचा होता, पण चौकशीला आलेला जमादारही एकदा पाण्यावरच परत गेला.

आबा माझे शेजारी. बायको लवकर वारली, मूलबाळ नाही. घरात ते, एक लाल गाय आणि शेंदऱ्या. शेंदऱ्या म्हणजे लाल कंधारी जातीचा वळू. लांबलांबचे लोक त्याच्याकडे गाई फळवायला आणत. आबा गाईभोवती फिरत, शेपूट उचलत, पोटाखाली वाकत. एक पांढरा ठिपका दिसला की संपलं. "खानदान साफ न्हाई. न्या परत."

जिंतूरकडचा एक जण दोन दिवस गाय चालवत आला. खुराजवळचा ठिपका त्यानं काव फासून लपवला होता. आबांनी ओल्या फडक्यानं तो पुसून काढला. "मला फसवायलायस व्हय?" त्याला जेवू घातलं, गाईला कडबा घातला आणि वाटेला लावलं.

लोक कंटाळले. शेजारच्या वस्तीवरच्या पांढऱ्या वळूकडे गाई नेऊ लागले. कापसाच्या गाड्यांना उंच पांढरे बैलच बरे, असंही म्हणू लागले. त्यात बुळकांडीच्या साथीत आबांची स्वतःची लाल गाय गेली. पुढंपुढं पोळ्याला वेशीत लाल बैल दिसेनासा झाला. मला आबांचा राग यायचा. एकदा तोंडावर म्हणालोही, "आबा, तुमच्या सोवळ्यापायी ही जात बुडायलीय."

मग एका सकाळी ते माझ्या दारात उभे. जन्मात कुणाकडे काही मागितलं नव्हतं त्यांनी.

"तुजी तांबडी माजावर हाय म्हनं. आनतोस का? शेंदऱ्यामागं एक तरी लाल वासरू ऱ्हावं."

मी तांबडीला घेऊन गेलो. तिच्या पोटावर परातीएवढा पांढरा डाग होता. आबांनी तो पाहिला, न पाहिल्यासारखं केलं आणि तिला शेंदऱ्यापुढं उभं केलं. शेंदऱ्या कष्टानं उठला, तिला हुंगलं आणि परत खाली बसला. आबांनी त्याला चुचकारलं, पाठ थोपटली, शेवटी हात जोडले. तो उठला नाही. म्हातारा झाला होता.

आबा आत गेले आणि हळदकुंकू, भाकरी घेऊन आले. त्यांनी तांबडीच्या कपाळाला कुंकू लावलं, तिला भाकरी चारली.

"माय, तुजं काई चुकलं न्हाई," ते म्हणाले. "मीच लय उशीर केला."