भोईरांची कडी

सोमवार, ७ मार्च १९९४. हजर : शैला, रफिक, भोईर, वसंत.

ही हजेरी माझ्या मस्टरातली नाही. आमच्या ऑफिसातल्या युनिक्स मशीनवर सकाळी लॉगिन केलं की हिरव्या अक्षरांत आधी तारीख येते आणि तिच्याखाली, त्या घटकेला मशीनवर कोण कोण आहे त्यांची नावं येतात. ही सोय भोईरांनी करून दिली. मी याद्या ठेवणारी बाई, मला ती फार आवडली. त्या सकाळी सवयीनं मी आधी नावं मोजली आणि मग माणसं मोजली. शैला म्हणजे मी. रफिक बुकिंगच्या टेबलावर होता. भोईर त्यांच्या कोपऱ्यात. वसंत मागच्या पावसाळ्यात वारला होता, आणि मस्टरातून त्याचं नाव मीच कमी केलं होतं.

खिडकीजवळचं त्याचं टर्मिनल चालू होतं. खुर्ची टेबलाखाली सरकवलेली. पडद्यावर टक्क्याचं एक चिन्ह, आणि त्याच्यापुढे कर्सर लुकलुकत होता. काय लिहावं याचा कुणी विचार करत बसावं, तसा.

मी भोईरांकडे बघितलं. ते त्यांच्या पडद्यात नाक खुपसून बसले होते. मी विचारलं तेव्हा, मशीनला जुन्या सवयी असतात, असं काहीतरी पुटपुटले. भोईर पुटपुटतात हेच मला नवीन होतं.

हे भोईर म्हणजे अंजूरचे. आमच्या ट्रान्सपोर्ट कंपनीची गोदामं दापोड्याला आणि ऑफिस भिवंडीत, एका लूमच्या कारखान्याच्या माडीवर. शेठनी मशीन घेतलं तेव्हा ते सांभाळायला भोईर आणि वसंत असे दोघं ठेवले. भोईर चाळिशीचे, अंगानं आडवे, शर्टाच्या खिशात कायम दोन पेनं आणि एक सुक्या बोंबलाचं पाकीट. आल्या दिवसापासून त्यांचं एकच वेड: शेल.

शेल म्हणजे काय, ते मला त्यांनीच सांगितलं. मशीनच्या पोटात जे चालतं त्याच्याशी माणूस थेट बोलू शकत नाही. मध्ये एक दुभाषा लागतो. आपण टाईप केलेला हुकूम तो ऐकतो आणि आत पोचवतो. तो शेल. युनिक्सवर असे दोन-तीन तरी दुभाषे असतात, आणि कुणाला कुठला द्यायचा, तो कसा सजवायचा, हे ठरवता येतं. बहुतेक ऑफिसांत हे कुणी ठरवत बसत नाही. आमच्याकडे भोईर होते.

"आधी मानूस बघू, मंग शेल," असं म्हणून ते समोर बसायचे आणि शिंपी खांद्याचं माप घेतो तसे आपल्याकडे बघायचे. खाडीवर शंखात राहणारा खेकडा असतो, तो शंख त्याचा स्वतःचा नसतो, मेलेल्या गोगलगायीचा असतो, पण मापाचा नसला तर खेकडा त्यात राहत नाही, हे ते प्रत्येकाला सांगत. ऐकून अंगावर काटा यायचा. त्यांच्या मते मात्र ती शेलची सगळ्यात सोपी ओळख होती.

शेल हुकमाची वाट बघत असतो तेव्हा पडद्यावर एक खूण दाखवतो. भोईरांनी प्रत्येकाला वेगळी खूण दिली होती. इंग्रजी अक्षरांत, पण मराठीत. माझ्या पडद्यावर यायचं 'यादीत पुढे काय'. रफिक घाईघाईत टाईप करायचा, त्याला 'हलू हलू'. शेठना 'जी शेठ'. शेठ वरच्या केबिनमधून काही काम न करता नुसतं एंटर दाबत बसायचे आणि पडदाभर 'जी शेठ, जी शेठ' उमटलेलं बघून खाली जेवायला जायचे. रफिक एक हुकूम हमखास उलटा लिहायचा. भोईरांनी त्याची चूक सुधारली नाही, त्या उलट्या शब्दाचाच नवा हुकूम करून टाकला. "मानसाला बदलायला टाइम लागतो. शेल लगेच बदलतो," असं त्यांचं म्हणणं.

वसंतला हे सगळं थिल्लर वाटायचं. तो कल्याणचा, तिशीच्या आतला, काडीसारखा बारीक, आणि सी शेलवाला; टक्क्याचं साधं चिन्ह ही त्याच्या शेलची खूण. भोईर बॉर्न शेलवाले. हा फरक आम्हाला कळायचा नाही, पण त्यावरून दोघांचं रोज वाजायचं. मला कळलेला भाग एवढाच: सी शेल आठवण ठेवतो. आपण आधी दिलेले हुकूम तो जपतो, दुसऱ्या दिवशीसुद्धा काढून दाखवतो. आमच्या मशीनवरचा बॉर्न शेल काहीच लक्षात ठेवत नाही. वसंत म्हणायचा की भोईरभाऊंचा शेल म्हणजे रोज सकाळी आपलं नाव विसरणारा गडी. भोईर म्हणायचे, "जल्ला तुझा शेल. झालं गेलं उकरीत बसतो तो. मानसानं कसं, एंटर दाबला की इसरून जावं."

ही भांडणं आम्ही ऐकायचो नाही, त्यांच्या पडद्यांवर वाचायचो, हे सांगायला हवं. खाली लूम चालू असताना माडीवर बोलायचं म्हणजे घसा फोडायचा. म्हणून आमच्या ऑफिसात बोलणं मशीनवरूनच चालायचं. एकानं निरोपाचा हुकूम देऊन लिहायचं, दुसऱ्याच्या टर्मिनलवर टिंग वाजायचं आणि अक्षरं उमटायची. चार पावलांवर बसलेली माणसं एकमेकांकडे न बघता तासन् तास भांडत असायची. लाईट गेली की लूम एकदम थांबायचे, आणि ती शांतता इतकी दाट असायची की आम्ही कुजबुजायलासुद्धा बिचकायचो. मशीन बॅटरीवर चालू राहायचं. अंधारलेल्या खोलीत फक्त हिरवी अक्षरं.

निरोप नको असतील तर ते बंद करायचाही हुकूम असतो. भोईर त्याला कडी घालणं म्हणायचे. कडी घातली की समोरच्यानं कितीही लिहायचं म्हटलं तरी मशीन त्याला परवानगी नाही असं सांगून परत पाठवतं.

तर मार्चमधली गोष्ट. वसंतचं नाव मंगळवारी होतं, बुधवारी होतं. झाडलोट करणाऱ्या बारकूबाईनं खिडकीजवळचं टेबल पुसणं सोडलं आणि त्याच्या पायाशी एक लिंबू ठेवलं. "त्याचा जीव अडकलाय त्याच्यान," एवढंच म्हणाली. माझा या गोष्टींवर विश्वास नाही. मी गुरुवारी लवकर आले.

भोईर वसंतच्या टर्मिनलसमोर उभे होते. त्यांनी उभ्याउभ्याच वसंतच्या नावानं लॉगिन केलं, टक्क्याची खूण आली तशी हात काढून घेतला, आणि मग खुर्ची थोडी बाहेर ओढली. थोडा वेळ तशीच ठेवली. पुन्हा आत सरकवली. मग आपल्या जागेवर गेले. मी जिन्यातच थांबले, दोन मिनिटांनी चपला वाजवत आत गेले. भूत सापडलं होतं, पण त्यानं मला बरं वाटलं नाही.

त्याच आठवड्यात शेठनी सांगितलं की नवीन मशीन येणार. विकणारा जुनं परत घेणार होता, पण आधी सगळी खाती बंद करून, आतलं सगळं पुसून द्यायचं. नव्यावर सगळ्यांना एकच शेल, कॉर्न शेल. आपापले लाड बंद. कामांची यादी अर्थात मी केली. भोईरांनी ती वाचली. 'जी शेठ' जाणार यावर ते एक शब्द बोलले नाहीत. 'वसंत यांचं खातं बंद करणे' या ओळीवर त्यांचं बोट थांबलं. करतो म्हणाले.

त्यांनी ते केलं नाही. रोज विचारलं की उद्यावर जायचं. दापोड्याला जायचंय, बॅकअप व्हायचाय, डोकं दुखतंय. आणि रोज सकाळी हजेरीत वसंत.

मग रफिकनं मस्करी केली. दुपारी लाईट गेली, खालचे लूम थांबले. मी यादी घेऊन भोईरांच्या मागे उभी होते. त्या शांततेत त्यांचं टर्मिनल टिंग वाजलं आणि पडद्यावर उमटलं: वसंतकडून निरोप. खाली काहीच नाही. रिकामी ओळ.

मी मागे सरकले. भोईर दचकले नाहीत, हे मला नंतरही आठवत राहिलं. बरेच दिवस वाट बघत असलेला माणूस दार वाजल्यावर उठतो, तसे ते पुढे सरकले आणि लिहिलं: 'बोल वसंता.'

खिडकीजवळून आवाज आला. वसंतच्या खुर्चीत रफिक बसला होता. हसायला तोंड उघडलं होतं, ते तसंच राहिलं होतं. त्याच्या पडद्यावर ते दोन शब्द गेले होते.

"मजाक केला, भोईरभाय," तो म्हणाला. "कसम से, मला वाटलं तुम्ही हसाल."

भोईर म्हणाले, "कशाला हात लावू नको. उठ. बटन दाबू नको, काय लिहू नको, नुसता उठ."

रफिक उठला. भोईरांनी आपल्या जागेवरून एक हुकूम लिहिला. चालू असलेलं लॉगिन मुळातूनच तोडायचा हुकूम. त्याचं इंग्रजी नाव किल. पुढे वसंतच्या शेलचा नंबर. एंटरवर बोट ठेवून ते बसून राहिले. मग दाबलं. खिडकीजवळची टक्क्याची खूण गेली.

लाईट आली. लूम सुरू झाले. मी जागेवर जाऊन बसले, आणि थोड्या वेळानं माझं टर्मिनल टिंग वाजलं. भोईर लिहीत होते. खोलीच्या त्या टोकाला त्यांची पाठ दिसत होती आणि इथे माझ्या पडद्यावर ओळी येत होत्या.

त्यांनी लिहिलं की वसंत गेला त्या दिवशी ते दापोड्याला गेले होते, आणि त्यांच्या मागे वसंतनं रफिकचा शेल बदलून त्याला सी शेल घातला होता. परत आल्यावर त्यांना फार लागलं. मी माप घेतलेला माणूस, आणि मला न विचारता. त्यांनी कडी घातली आणि दुपारभर काढली नाही. संध्याकाळी वसंत खाली मान घालून घरी गेला. छातीत कळ आली ती घरी पोचल्यावर.

या फेब्रुवारीत भोईरांनी त्याच्या शेलची आठवण उघडून वाचली. आपल्याच जागेवरून, त्याच्या शेलला धक्का न लावता. शेवटच्या तीन ओळी एकसारख्या होत्या. भोईरला निरोप. भोईरला निरोप. भोईरला निरोप.

'तीनदा आलेला बाई. तिन्ही टायमाला मशीनने हाकलला.'

काय सांगायचं होतं त्याला, मी लिहिलं.

'शेल हुकूम लक्षात ठेवतो. बोलणं नाय ठेवत.'

मला वाटलं संपलं. तेवढ्यात पुढच्या ओळी आल्या. शेलची आठवण मोजकी असते. त्यात नवीन हुकूम एक लिहिला की सगळ्यात जुना एक गळून जातो, म्हणून ते रोज लॉगिन करतात पण तिथे अक्षरही लिहीत नाहीत. रफिकचं लॉगिन मुळातून तोडलं ते यासाठी, की असं तोडलं की शेलला नवीन काही जपून ठेवायला वेळ मिळत नाही. नाहीतर चौथी ओळ पडली असती, तशीच दिसणारी, आणि वसंतच्या कुठल्या आणि रफिकची कुठली हे कुणालाही ओळखता आलं नसतं.

मी विचारलं, की मग रोज त्याला हजर कशाला करता.

'आपली कडी आता उघडी हाय. त्याला कलायला नको?'

मी लिहिलं की चहा सांगते.

नवीन मशीन आलं. आम्ही सगळे त्यावर गेलो, सगळ्यांना कॉर्न शेल, सगळ्यांना एकच डॉलरची खूण. भोईरांनी ते काम चोख केलं. जुनं मशीन कोपऱ्यात आहे, चालू आहे. रफिक आता सकाळी येताना खिडकीजवळच्या टेबलाला वळसा घालून जातो. बारकूबाईचं लिंबू सुकून काळं झालंय, काढायचं कुणी अजून मनावर घेतलेलं नाही. भोईरांच्या टेबलावर दोन टर्मिनलं आहेत, एक नव्याचं, एक जुन्याचं. जुन्याकडे ते बघत नाहीत, पण त्याचा टिंगचा आवाज बारीक करू देत नाहीत.

शेठ दर सोमवारी यादी मागवतात. मशीन परत का जात नाही, ते विचारतात. यादीतली बाकी सगळी कामं मी खोडली आहेत. एकच उरलं आहे, 'वसंत यांचं खातं बंद करणे', आणि त्याच्यापुढे जबाबदार म्हणून भोईरांचं नाव होतं, त्यामुळे शेठ त्यांना वर बोलवून घ्यायचे. गेल्या सोमवारी यादी वर पाठवण्याआधी मी ते नाव खोडलं आणि तिथे माझं लिहिलं. काम अजून व्हायचं आहे.