डावं बटण, डावं इंजिन

कढईतल्या तेलाने भडका घेतला तेव्हा कॅप्टन शेगडीसमोरच उभे होते आणि त्यांचा हात नेमका डाव्या बटणावर होता. दुसरा कुणी ते फिरवून मोकळा झाला असता. कॅप्टननी हाक मारली, "आई, डाव्या शेगडीला आग. डावं बटण बंद करतोय. खात्री कर."

या वेडेपणाला कारण होतं. मागच्या महिन्यात जमिनीवरच्या नकली कॉकपिटमध्ये परीक्षा झाली, डाव्या इंजिनाला आग लागली आणि या गृहस्थांनी घाईघाईत धडधाकट उजवं इंजिन बंद केलं. नियम असा की एकाने इंजिन बंद करायच्या दांड्यावर हात ठेवायचा, दुसऱ्याने डोळ्यांनी बघून 'बरोबर' म्हणायचं, मगच ओढायचं. फेरपरीक्षा उद्यावर आली होती. त्यात आपटले की विमान सुटलं आणि टेबलखुर्ची नशिबी आली. म्हणून आईने, म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिकेने, घरात फर्मान काढलं होतं: तिने बघितल्याशिवाय पंखासुद्धा बंद करायचा नाही.

"आले," बाहेरच्या खोलीतून उत्तर आलं. "चष्मा सापडत नाहीये."

"आई, जाळ छताला लागतोय."

"मग न बघता हो म्हणू? असल्या घाईनेच नापास झालास ना?"

आई आली. तिने कढई बघितली, बटण बघितलं, लेकाचा हात बघितला. "बरोबर. कर बंद."

कॅप्टननी बटण फिरवलं, कढईवर झाकण दाबलं. छत काळं झालं, अर्धी भुवई गेली, पण मायलेक हरखून गेले.

"पैकीच्या पैकी," आई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी नकली कॉकपिटमध्ये घंटा घणघणली, डाव्या इंजिनाच्या आगीचा लाल दिवा पेटला. कॅप्टननी दांडा धरला. "डावं इंजिन बंद करतोय. खात्री कर."

"बरोबर," सहवैमानिक समोर बघतच ताडकन म्हणाला.

कॅप्टनना ते पचेना. "न बघता हो म्हणतोस?"

दोघांनी खाली बघितलं. कॅप्टनचा हात उजव्या दांड्यावर होता.

हात डावीकडे गेला, नीट बघून 'बरोबर' आलं, आग विझली. मागे बसलेल्या परीक्षकांनी पेन उचललं. "कॅप्टन, पास. वेळ लागला, पण योग्य इंजिन बंद केलंत." कॅप्टनना तिथेच नाचावंसं वाटलं.

"आणि तुम्ही," परीक्षक सहवैमानिकाला म्हणाले, "नापास. आठ दिवसांनी परत या. कॅप्टन, तुमची तयारी कुणी घेतली?"

"आईने."

सहवैमानिकाने पडलेला चेहरा वर केला आणि हळूच विचारलं, "सर, तुमच्याकडे आठ दिवस राहायला आलो तर चालेल?"