तबकाखालचा फिल्टर

"जगाच्या गोंगाटातून हवं तेवढंच आत घ्यायचं आणि नको ते दारातच अडवायचं, ही विद्या देवाखालोखाल मलाच अवगत आहे!" इराणातल्या तबरीझच्या विद्यापीठातल्या प्रयोगशाळेत डॉ. किशवरींनी जाहीर केलं. ऐकायला फक्त भिंतीवरचं घड्याळ होतं. तेही बंद!

त्यांचा फिल्टर म्हणजे तांब्याच्या बारीक रेघा कोरलेली काडेपेटीएवढी पट्टी. भल्या रुंद पट्ट्यातल्या बिनतारी लहरी तिच्यातून सुखरूप जाव्यात, मज्जाव फक्त मधल्या वायफायला. शनिवारी विभागप्रमुख फरहमंदबाई पाहणीला येणार होत्या. फिल्टर चालला तर खोली राहील, नाहीतर डॉक्टरांनी निवृत्त होऊन घरी बसायचं. घरी कोण? बायको जाऊन चार वर्षं झालेली, मुलगी टोरंटोला. आवाज करणारा काय तो फ्रिज!

फिल्टर शहाण्यासारखा वागायचा तो रोज दहा वाजता. तेव्हा चहावाला मश रजब यायचा.

"घ्या, डॉक्टरसाहेब."

"नको हो, तुम्हाला कशाला त्रास!"

"माझा जीव घ्या, पण चहा घ्या!"

"आधी तुम्ही."

तीनदा नको म्हणून चौथ्यांदा घ्यायचा, ही तिथली रीत. डॉक्टर सातदा नको म्हणत. दिवसभरात तेवढंच तर बोलणं! तोवर मश रजब पितळी तबक घेऊन पट्टीवर वाकलेला, आणि पडद्यावरचा आलेख नव्या नवरीसारखा शिस्तीत! डॉक्टर तोंडानं नको म्हणत, आणि आलेख बघत हातातल्या ब्लेडनं पट्टीचं तांबं खरवडून फिल्टर जुळवत. दहाचा मुहूर्तच चांगला, असं त्यांचं शास्त्रीय मत झालं होतं.

शनिवारी दहाला बाई आल्या. मोठ्या माणसांत लुडबूड नको म्हणून मश रजब दाराबाहेरच थांबला. डॉक्टरांनी बटण दाबलं. आलेख धाडकन तळाला! वायफाय ऐटीत आत, बाकी सगळे बाहेर!

"किशवरीसाहेब, हा फिल्टर आहे की माझा जावई? नको तेच नेमकं करतोय!"

डॉक्टरांचा चेहरा मश रजबला बघवेना. तो तबक घेऊन आत धावला. "आधी चहा घ्या, डॉक्टरसाहेब!" तो वाकला आणि आलेख टुणकन जागेवर!

"नको, नको," डॉक्टर सवयीनं म्हणाले. मश रजब ओशाळून मागे सरला. आलेख पुन्हा तळाला.

"थांबा!" बाई ओरडल्या. "करा बघू पुन्हा आग्रह!"

पाच आग्रह झाले, पाच नकार झाले. आलेख उठाबशा काढून दमला. बाईंना हसू आवरेना. "अहो, पट्टी झकास आहे, पण तुम्ही ती तबकाखाली जुळवलीत! फक्त वर दोन बोटांवर धातूचं झाकण हवं, या तबकासारखं. झाकण बसवा, खोली तुमचीच. आणि यांच्या कंबरेवर दया करा! मश रजब, यापुढे चहा ठेवायचा आणि निघायचं."

झाकण बसलं. फिल्टर आठही प्रहर शहाणा झाला. दुसऱ्या दिवशी दहाला डॉक्टर म्हणाले, "नको हो, तुम्हाला कशाला..." तोवर मश रजब चहा ठेवून गेलासुद्धा! उरलेलं वाक्य त्यांनी घड्याळाला ऐकवलं.

तिसऱ्या दिवशी डॉक्टर पट्टीपाशी खाली मान घालून बसले होते. झाकण कोटाच्या खिशात.

"मश रजब, झाकण कुठे सापडत नाही हो. जरा तबक धरता? आणि हे बघा, चहा मला अजिबात नकोय!"