डॉक्टरांचा जिना आणि माझी स्क्रिप्ट

एकच काम दुसऱ्यांदा करतो तो माणूस आळशी नसतो, मूर्ख असतो! म्हणून मी स्क्रिप्ट लिहितो. कॉम्प्युटरला एकदा हुकूम लिहून द्यायचे, की तो मुकाट राबतो. घरात माझं ऐकणारं तेवढंच एक आहे.

बायको आर्किटेक्ट. तिच्या कॉम्प्युटरवर एकेका घराच्या ढीगभर फायली! ‘फायनल’, ‘नवं फायनल’, ‘खरंच फायनल’, ‘आता बास’! ती आंघोळीला गेली आणि मी हात साफ करून घेतला. प्रत्येक घराची सगळ्यात नवी फाइल ठेवायची, बाकीच्या उडवायच्या. एंटर! चकाचक!

ती केस पुसत आली आणि किंचाळली.

“अरे, दातांच्या डॉक्टरांचं घर कुठंय? ते आत्ता येतायत! माझं पहिलं मोठं काम आहे!”

“हे काय, सगळ्यात नवं!”

“कर्म माझं! नवं तेच तर बिनडोक असतं!”

तेव्हा कळलं, की बाईसाहेब चांगला आराखडा आधी काढतात. मग गिऱ्हाईक जे अचाट सुचवेल, ते शेवटच्या फाइलीत काढून दोन्ही शेजारी-शेजारी ठेवतात. गिऱ्हाईक आपोआप शुद्धीवर येतं. डॉक्टरांच्या नव्या फाइलीत जिना दिवाणखान्यातून निघून थेट बाथरूममध्ये उघडत होता!

“कचरापेटीतून काढ ना जुनी!”

“स्क्रिप्टनं उडवलेलं कचरापेटीत जात नाही गं.”

“पेनड्राइव्हवर कॉपी आहे!”

“तो... जोडलेलाच होता. तोही साफ केला.”

तिनं माझ्याकडे असं पाहिलं, की मी दोन पावलं मागे सरकलो. तेवढ्यात बेल वाजली.

डॉक्टर स्क्रीनकडे बघतच राहिले. बायकोच्या तोंडचं पाणी पळालेलं. मी पडद्याआड.

“मॅडम!” डॉक्टर गहिवरले. “माणूस वर आला की आधी हात धुतलेच पाहिजेत! आजवर सगळ्यांनी मला वेड्यात काढलं. तुम्हीच एकट्या शहाण्या निघालात. काम तुमचं!”

ते गेल्यावर मी छाती फुगवून बाहेर आलो. “बघ! मिळालं की नाही काम?”

“मिळालं ना. शिवाय घरावर आर्किटेक्टच्या नावाची पाटी लावणारेत. रस्त्यावरून वाचता येईल एवढी मोठी!”

“अरे वा! अभिनंदन!”

“तुझंच,” ती गोड हसली. “मी तुझं नाव दिलंय.”