आईचा फोटो अजून तयार नाही

"सदतीस वर्षांत आमचं नववर्षाचं पत्र कुणाकडेही दोन जानेवारीला पोचलेलं नाही! एक तारीख म्हणजे एक तारीख!" असं इकुओ मुराकोशी वर्षातून निदान दहा वेळा सांगत. कुणी विचारलेलं नसलं तरी सांगत. ताकाओकाच्या कुलपांच्या कारखान्यात त्यांनी जन्मभर तयार माल तपासला होता. निवृत्तीनंतर तपासायला कुलपं उरली नाहीत, म्हणून ते घरातली माणसं तपासू लागले. त्यांची बायको योशिमी या तपासणीत अजून उत्तीर्ण व्हायची होती, आणि तिला कसली घाईही नव्हती.

यंदाच्या पत्राची गोष्टच वेगळी होती. मुराकोशींची आई, किनूआजी, अठ्ठ्याऐंशी वर्षांची झाली होती. अठ्ठ्याऐंशीला सोनेरी अंगरखा आणि सोनेरी टोपी घालून फोटो काढायचा, हे तर ठरलेलंच. पण खरी मेख होती कानाझावाच्या तोमिएआजींची. ही किनूआजींची शाळेपासूनची मैत्रीण. मैत्रीण म्हणजे गेली सत्तर-पंच्याहत्तर वर्षं दोघी एकमेकींच्या डोक्यावर बसायला टपलेल्या. तोमिएआजींना अठ्ठ्याऐंशी वर्षं झाली एप्रिलात. त्यांनी लगेच स्टुडिओत जाऊन सोनेरी फोटो काढला आणि किनूआजींना पाठवून दिला. मागे चार शब्द: "तुझा कधी पाहायला मिळणार?"

"एक जानेवारीला!" किनूआजींनी जाहीर केलं. "इकुओ, तिचा चहा व्हायच्या आत माझा फोटो तिच्या हातात पडला पाहिजे. पुढच्या वर्षावर मी काही ठेवत नाही. या वयात कोण ठेवतं?"

मुराकोशींनी हे मनावर घेतलं. त्यांनी मनावर घेतलं की घरातला जो तो काहीतरी काम काढून बाहेर सटकत असे.

तीन नोव्हेंबरच्या सुट्टीला सगळं गोत जमलं. मुराकोशींनी वडिलांचा जुना, फिल्मचा कॅमेरा बाहेर काढला. "आज मोबाइल बंद! फोटो काढायचा तर एकदाच आणि नीट!" असं म्हणून त्यांनी सगळ्यांचे मोबाइल बिस्किटाच्या डब्यात गोळा केले आणि डबा मांडीखाली घेतला.

"अहो, एक माझ्याही मोबाइलवर काढू का? असू दे आपला," योशिमी म्हणाली.

"असू दे आपला म्हणूनच जगात कुलपं बिघडतात," मुराकोशी म्हणाले.

छत्तीस फोटो झाले. भाड्याचा सोनेरी अंगरखा संध्याकाळी परत गेला, बहिणी आपापल्या गावी गेल्या. मुराकोशी फिल्म घेऊन गेले कुरामोची फोटोत.

कुरामोची हा गावातला फिल्म घेणारा शेवटचा माणूस, आणि त्याच्याइतका सभ्य माणूस सगळ्या तोयामा जिल्ह्यात नसेल. फिल्म त्याने दोन्ही हातांनी घेतली, कपाळाला लावायचीच काय ती बाकी ठेवली.

"एका आठवड्यात होईल ना?"

"प्रयत्न अगदी आठवड्याचाच राहील, मुराकोशीसाहेब!"

आठवड्याने मुराकोशी हजर. कुरामोची कमरेत वाकला. रंगीत फिल्म आता इथे धुतली जात नाही, नागोयाला जाते. पेटी भरली की जाते. पेटीला वीस फिल्मा लागतात.

"आणि आत्ता किती झाल्यात?"

"सहा," कुरामोची म्हणाला. मग खालच्या आवाजात, "तुमची धरून."

दुसरा कुणी असता तर फिल्म परत घेऊन गेला असता. पण मुराकोशी पडले कारखान्यातले. काम अडलं की ते सोडायचं नाही, रेटायचं! त्यांनी तिथेच आठ फिल्मा विकत घेतल्या आणि पेटी भरायला बाहेर पडले. दोन दिवसांत गावातला एकही विजेचा खांब सुटला नाही. गटाराची झाकणं झाली, बसथांबे झाले, शेजारच्या ओगुरीबाईंचं वाळत घातलेलं धुणं झालं. ओगुरीबाईंनी योशिमीला बाजूला घेऊन विचारलं, "साहेबांना निवृत्ती झेपत नाहीये का हो?"

"त्यांना झेपतेय," योशिमी म्हणाली, "मला नाही."

बाकीच्या सहा फिल्मा देवाच्या कृपेने गावकऱ्यांनी आणून टाकल्या. वीस नोव्हेंबरला पेटी निघाली! मुराकोशी रस्त्यावर उभे राहून टेम्पोला हात हलवून आले.

पंचवीसला नागोयाचं यंत्र बंद पडलं. सत्तावीसला यंत्राचा भाग आला, तो दुसऱ्याच यंत्राचा निघाला. प्रत्येक खेपेला कुरामोची आणखी थोडा खाली वाकायचा आणि हातात काहीतरी ठेवायचा. आधी कॅलेंडर, मग ओले रुमाल, मग संत्र्यांची पिशवी. मुराकोशींच्या घरात फोटो सोडून सगळं येऊन पडलं होतं.

"नक्की तारीख सांगा!"

"तारीख सांगणं म्हणजे आपल्याला फसवणं होईल, साहेब. ते माझ्याच्याने होणार नाही!"

"अहो, अजूनही मोबाइलवर काढू का एक?" योशिमीने घरी विचारलं.

"अंगरखा कुठाय? बहिणी कुठायत? आणि तत्त्व कुठाय?" मुराकोशी कडाडले.

नोव्हेंबर संपला. पत्र उशिरा पोचण्याची शक्यता सदतीस वर्षांत प्रथमच निर्माण झाली होती. अशा वेळी सभ्य माणूस काय करतो? आधीच माफी मागून ठेवतो. मुराकोशी कागदाच्या दुकानात गेले आणि दुकानदारीणबाईंना म्हणाले, "दिलगिरीची पत्रं हवीत. साधी, गंभीर. रंगबिंग नकोत." बाईंचा चेहराच पडला. त्यांनी आवाज खाली आणला आणि करड्या किनारीची, कोपऱ्यात फिकट कमळ असलेली साठ पत्रं काढून दिली. मुराकोशींना त्यांची समज फार आवडली.

मजकूर त्यांनी स्वतः लिहिला. कारखान्यातल्यासारखा, मोजका:

"यंदा आम्ही नववर्षाच्या शुभेच्छा वेळेवर देऊ शकत नाही. क्षमस्व. आई किनू, वय ८८. तिचा फोटो अजून तयार नाही. होताच कळवू."

साठ पत्रं टपालपेटीत पडली. त्यातलं एक मुद्दाम कुरामोचीला. लाज वाटू दे त्याला!

आणि काय आश्चर्य, लाज वाटली की हो! पाच डिसेंबरला मुराकोशी दुकानात शिरले तर कुरामोची काउंटरच्या मागून धावत बाहेर आला आणि जो वाकला तो वर येईचना. वर आला तेव्हा डोळ्यांत पाणी.

"मुराकोशीसाहेब, माझ्याकडे शब्द नाहीत! फिल्म कालच नागोयाहून आली. आता हे काम यंत्रावर नाही, मी स्वतः हाताने करणार. एक पैसा घेणार नाही. पंचविसाच्या आत देतो!"

तारीख! कुरामोचीच्या तोंडून! मुराकोशी शीळ घालत घरी आले. "पाहिलंस? एका पत्राचं काम होतं. माणसाला लिहिता आलं पाहिजे!"

त्याच दुपारी पहिला उदबत्त्यांचा पुडा आला. पाठोपाठ आणखी दोन. संध्याकाळी ओगुरीबाई काळ्या कपड्यांत दारात उभ्या राहिल्या, आणि दार उघडलं ते किनूआजींनी. ओगुरीबाई दारातच मटकन बसल्या.

योशिमीने ओगुरीबाईंच्या हातातलं करडं पत्र घेतलं. उलटून पाहिलं. सुतकाची पत्रं दरवर्षी तीच हाताळायची, साहेबांकडे खातं फक्त शुभेच्छांचं.

"अहो," ती फार शांतपणे म्हणाली, "ही किनार सुतकाची आहे. घरात माणूस गेलं की 'यंदा शुभेच्छा नाहीत' म्हणून पाठवतात ते हे पत्र."

"पण खाली सरळ लिहिलंय ना, फोटो तयार नाही म्हणून!"

"हो. लोकांना वाटलं, गेलेल्या माणसाचा, देव्हाऱ्यात ठेवायचा."

मुराकोशींनी बोटांवर हिशोब केला: कुरामोचीला नुसती लाज वाटली होती, ओगुरीबाईंना दारातच कळलं होतं. उरलेल्या अठ्ठावन्न घरांत त्यांनी आपल्या आईला ठार केलं होतं. तेही स्वतःच्या अक्षरात! ते फोनकडे धावले.

"थांब!" किनूआजी गरजल्या. "फोनला हात लावशील तर बघ! आधी तोमिएचं पत्र येऊ दे."

तोमिएआजींचं पत्र तिसऱ्या दिवशी आलं, चंदनाच्या उंची उदबत्त्यांसकट. किनूआजींनी चष्मा पुसून ते तीनदा वाचलं. "किनू, शाळेतल्या शिवणकामाच्या स्पर्धेत तुझीच बाही सरस होती, मला नंबर द्यायला पंचांना मी माझ्या मामाकरवी सांगितलं होतं. तुझ्याइतकं हसायला मला पुन्हा कुणी भेटलं नाही. आता मी कुणाशी भांडू?"

"बघितलंस!" किनूआजी डोळे टिपत ओरडल्या. "सत्तर वर्षं मी हेच सांगतेय! मी मेल्याशिवाय हिने कबूल केलंच नसतं!" मग पत्राची घडी करून त्यांनी छातीशी धरली. "रडली असेल रे ती. तिला एक तारखेला कळलं पाहिजे. फोनवरून नाही, तोंडानेही नाही. फोटोच जाऊ दे तिच्याकडे. मी सोनेरी कपड्यांत तिच्यासमोर उभी राहिले की झालं."

आता सगळं त्या एका फोटोवर आलं. पंचवीसपर्यंत टपालपेटीत पडलेली नववर्षाची पत्रं टपालवाले थेट एक तारखेला वाटतात; तोवर फोटो मिळाला तर किनूआजी एक जानेवारीला जिवंत होणार होत्या. नाहीतर सणाचे दिवस त्यांना मेलेल्यातच काढावे लागणार होते.

पंचवीस तारखेला सकाळी बर्फ पडत होता. कुरामोची काळा सूट घालून स्वतः आला. हातात पांढऱ्या कापडात गुंडाळलेलं काहीतरी मोठं, दाराएवढं. त्याने ते बैठकीत उभं केलं, कापड सोडलं आणि गुडघ्यांवर बसून हात जोडले.

काळी चौकट. काळी रेशमी फीत. मधे किनूआजी, एकट्याच! बहिणी कापलेल्या, जावई कापलेले, मुराकोशींचा फक्त एक कान उरला होता तोही पुसलेला. सोनेरी टोपी गायब. सोनेरी अंगरख्याच्या जागी काळा किमोनो चढवलेला, वर घराण्याचं चिन्ह, आणि तेही अचूक. मागे फिकट निळं आकाश.

"वीस दिवस बसून केलंय, साहेब," कुरामोची म्हणाला. "त्यांच्या आत्म्याला शांती..."

"संत्री घेणार?" आत्म्याने आतून विचारलं.

कुरामोची सावध होईपर्यंत दहा मिनिटं गेली. मुराकोशींना धीर नव्हता. "मूळ फिल्म! मूळ फिल्म कुठाय? अजून वेळ आहे, आत्ता प्रती काढा!"

"मूळ फिल्म..." कुरामोची जमिनीला नाक लावून म्हणाला, "बाकीच्या मोठ्या प्रतींसाठी नागोयाला परत पाठवायला ठेवली. पेटीत आहे."

"मग काढा बाहेर!"

"कालच गेली, साहेब. काल पेटी भरली."

मुराकोशी मटकन खाली बसले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ती पेटी वेळेवर भरली होती. त्यांना वाटलं आता आपल्यालाही ते निळं आकाश आणि काळी चौकट द्या आणि मोकळे व्हा.

किनूआजी मात्र फोटोसमोर उभ्या होत्या, मान इकडून तिकडे करत. "मी काय सुंदर दिसतेय गं योशिमी! सुरकुत्यासुद्धा काढल्यात याने. हा मला आवडला. ए, जरा धर तो इकडे माझ्या हातात."

त्यांनी स्वतःची तसबीर दोन्ही हातांनी पोटाशी धरली, मग एक हात सोडवून दोन बोटं वर केली आणि बोळक्या तोंडाने जे हसल्या! योशिमीने मोबाइल काढला. टिक. नवऱ्याला विचारलंही नाही. कोपऱ्यावरच्या दुकानातल्या यंत्रावर साठ पत्रं व्हायला एकवीस मिनिटं लागली. मुराकोशींनी ती घड्याळ लावून मोजली, दुसरं काही करण्यासारखं नव्हतंच. खाली मजकूर किनूआजींनी सांगितला: "फोटो तयार झाला. नवीन वर्षाच्या शुभेच्छा. यंदाही लोभ असावा." दुपारचं टपाल निघायच्या आत पत्रं पेटीत पडली.

एक जानेवारीला मुराकोशींच्या घरी एकही शुभेच्छापत्र आलं नाही. सुतकातल्या घरी कोण पाठवणार? पण सव्वानऊला फोन वाजला. किनूआजींनी झडप घालून उचलला आणि सगळ्यांना ऐकू येईल असा मोठा केला.

पलीकडे तोमिएआजींचा आवाज, "किनू?"

"बोल."

"आहेस तू?"

"आहे ना."

नाक शिंकरल्याचा आवाज. मग एकदम, खणखणीत, "बाहीचं मी जे लिहिलं ते शोकात लिहिलं होतं, ते धरू नकोस! आणि मेले, फोटो कुठून काढून घेतलास गं एवढा देखणा? मलाही तस्सा हवाय!"

"पत्ता देते," किनूआजी म्हणाल्या. "पण फिल्म आजच टाक हो. त्यांच्याकडे फार वेळ लागतो."