पास्कल अंकलची शतकं

"आज कुठलं शतक आणलंस?"

कॉलेजातून येताना जिन्यात भेटले की पास्कल अंकल हेच विचारतात. दुसऱ्या कुणी कोथिंबीर आणली का म्हणून विचारावं, तसं.

अंकल वसईचे. इथे आखातात, दार्सैतला आमच्या खालच्या मजल्यावर राहतात, हॉटेलात पाव भाजतात. त्याआधी ते जहाजावर होते. तेव्हा अलेक्झांड्रियाच्या बंदरात फक्त एक दिवस उतरले, पण बोलतात असं की ते शहर त्यांच्या देखरेखीखाली वसलं. ग्रीक राजाच्या माणसांनी नव्या शहराच्या रेषा पिठाने आखल्या नि पाखरांनी त्या खाल्ल्या, ही दंतकथा माझ्या इतिहासाच्या पुस्तकातून ऐकून ते भडकलेच. "पीठ जमिनीवर? पाखरांनी खाल्लं म्हणून बरं, नाहीतर वायाच!"

आमच्या घरात कॉलेज पाहिलेली मी पहिलीच. माझं एवढं मन लावून कुणी ऐकत नाही, म्हणून मीही त्या शहराची शतकं एकेक करून आणत राहिले. भूकंपात दीपगृह पडलं, त्या दिवशी अंकलनी चहा घेतला नाही. रोमन गेले, अरब आले, तुर्क आले. "यल्ला, पुढे!" समोरच्या कोरड्या डोंगरांकडे बघत अंकल ते सगळं पुन्हा घोळवायचे, तेव्हा मलाही तिथे शिडं दिसल्यासारखी वाटायची.

हे सगळं कुणासाठी, ते हळूहळू कळलं. रोज संध्याकाळी अंकल वसईला फोन लावतात. तिथे त्यांची बायको, रोझी आंटी, आता बरंच विसरल्यात, अंकलचा आवाजसुद्धा. त्यांच्या लेखी नवरा अजून जहाजावर आहे आणि फोनवर बोलतो तो अलेक्झांड्रिया बंदराच्या ऑफिसातला क्लार्क. बंदराची नवी बातमी असेल तरच त्या ऐकतात; माझी शतकंच त्यांच्यासाठी बातम्या. नाहीतर, "नंतर करा हां, दादा."

काल मी इंग्रज गेल्याचं सांगितलं.

"आणि मग?"

"मग... आजच, अंकल. शतकं संपली."

"खलास?" त्यांचा चेहरा उतरला. "आता ती फोन कशाला धरेल गं?"

तरी त्यांनी फोन लावला. स्पीकरवर. "मॅडम, आज बंदरात छान ऊन पडलंय. धक्क्यावर लोक गळ टाकून बसलेत."

मला वाटलं, आता आंटी 'नंतर करा' म्हणणार. मग आंटी हळूच म्हणाल्या, "दादा, त्यांच्यात आमचे मिस्टर दिसतात का हो?"

"दिसतात ना."

"काय करतायत?"

एरवी एका दमात तीन साम्राज्यं बुडवणारे अंकल समोरच्या डोंगरांकडे बघत राहिले.

"वाट बघतायत, मॅडम. तुमची."